पहिली रायफल कोणती? उत्तर इतिहासात आहे

१ ऑगस्ट २०२४ ला कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिसला ५० मीटर रायफलमध्ये कांस्य मिळवलं. १९५२ ला खाशाबा जाधवांनंतर महाराष्ट्राचं हे दुसरं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. मध्ये ७२ वर्षं गेली!

हा खेळ साध्या घरात सहज का पोचला नाही? १८७८ ला इंग्रजांनी शस्त्र कायदा केला. हिंदी माणसाला परवान्याशिवाय बंदूक बंद, युरोपियनांना सूट. १९५९ ला आपला कायदा आला. भेदभाव गेला, परवाना राहिला.

५० मीटरला .२२ बोरची रायफल लागते. तिला परवाना हवा, शिवाय गोळ्यांचा खर्च रोजचा. १० मीटरच्या एअर रायफलला ४.५ मिमीचा छर्रा पुरतो, आणि स्पर्धेच्या अशा रायफलला परवाना लागत नाही. म्हणून लांब पल्ल्याची कितीही हौस असली तरी पोरांना आधी हीच द्या. श्वास, पवित्रा, ट्रिगर, सगळं इथेच पक्कं होतं.

आता प्रश्न आपल्या भिवंडीचा. बंद पडलेल्या लूमच्या कारखान्यात १० मीटरची रेंज आरामात बसेल. पक्की भिंत आणि एक प्रशिक्षक हवा. महापालिकेला एवढं जमणार नाही का?