प्रोग्रामिंग भाषेची निवड आणि वेब उपयोजनांची विस्तारक्षमता

वापरकर्त्यांची संख्या वाढत गेली तरी यंत्रसामग्रीची भर घालून सेवा पूर्ववत चालू ठेवता येणे, या गुणास वेब उपयोजनाची विस्तारक्षमता म्हणतात. प्रोग्रामिंग भाषेच्या निवडीचा या गुणावर परिणाम होतो. मात्र बहुतेक उपयोजनांत रचना, डेटाबेस आणि कॅशे यांचा प्रभाव अधिक असतो.

वेग व विस्तारक्षमता

वेग आणि विस्तारक्षमता या भिन्न बाबी आहेत. उदाहरणार्थ, येवल्यातील एखादा कुशल विणकर पैठणी लवकर पूर्ण करतो, हा वेग होय. मागणी वाढल्यावर नवे माग बसवून उत्पादन त्या प्रमाणात वाढवता येणे, ही विस्तारक्षमता होय. परंतु सर्व मागांना रंगवलेले रेशीम एकाच ठिकाणाहून मिळत असेल, तर कितीही माग वाढवले तरी उत्पादन तेथेच अडते. वेब उपयोजनात असे अडण्याचे ठिकाण बहुधा डेटाबेस असते. भाषा बदलल्याने ती अडचण दूर होत नाही.

मराठी विकिपीडियाचे उदाहरण

विकिपीडिया २००१ साली पर्ल भाषेतील आज्ञावलीवर सुरू झाला. २००२ पासून तो पीएचपी भाषेतील आज्ञावलीवर चालू लागला व तिलाच पुढे मीडियाविकी हे नाव मिळाले. २००३ साली सुरू झालेला मराठी विकिपीडियाही याच आज्ञावलीवर चालतो. पीएचपी ही वेगवान भाषा म्हणून ओळखली जात नसे. तरीही वाचकांचा प्रचंड भार पेलला गेला, कारण सनोंद प्रवेश न केलेल्या वाचकांना तयार पाने मुख्यत्वे कॅशेतूनच दिली जातात आणि डेटाबेसच्या अनेक प्रती राखल्या जातात.

भाषेच्या अंमलबजावणीचा परिणाम संपादकांना जाणवला. २०१४ साली फेसबुकने विकसित केलेली एचएचव्हीएम ही प्रणाली स्वीकारल्यावर संपादन जतन होण्यास लागणारा वेळ सुमारे निम्मा झाला. २०१९ साली विकिपीडिया पुन्हा मूळ पीएचपीच्या सुधारित सातव्या आवृत्तीकडे वळला. या दोन्ही बदलांत आज्ञावलीची भाषा पीएचपीच राहिली.

भाषा निर्णायक ठरणारे प्रसंग

एकाच वेळी असंख्य जोडण्या खुल्या ठेवाव्या लागतात तेथे भाषेची घडण महत्त्वाची ठरते. दूरध्वनी यंत्रणेसाठी एरिक्सन कंपनीत विकसित झालेल्या अर्लांग भाषेचा वापर करून व्हॉट्सअ‍ॅपने २०१२ साली एका सर्व्हरवर २० लाखांहून अधिक जोडण्या सांभाळल्या. ट्विटरने रुबीवर आरंभ केला. पुढे वापर वाढल्यावर संदेशरांग व शोधसेवा यांसारखे भाग स्काला व जावा या भाषांत नव्याने लिहिले. याउलट इन्स्टाग्रामने पायथन भाषा न सोडता मोठा विस्तार साधला.

खर्च व मनुष्यबळ

मंद भाषेत लिहिलेल्या उपयोजनास तेवढ्याच कामासाठी अधिक सर्व्हर लागतात. लहान सेवेत हा फरक नगण्य असतो. हजारो सर्व्हर असलेल्या संस्थेत मात्र वीज व यंत्रसामग्रीचा खर्च लक्षणीय वाढतो. दुसरीकडे, संघाला अपरिचित असलेली भाषा निवडल्यास विकासास विलंब लागतो व दोष वाढण्याची शक्यता असते. म्हणून सामान्यतः परिचित भाषेत आरंभ करावा, प्रत्यक्ष मोजमापाने अडणारा भाग शोधावा आणि गरज भासल्यास तेवढाच भाग दुसऱ्या भाषेत लिहावा, ही पद्धत श्रेयस्कर मानली जाते.