विसरभोळे प्रोफेसर आणि वेंधळी ताई

आपण बयताड नाही, हे आमच्या मोठ्या ताईला वयाच्या 46 व्या वर्षी कळलं.

घरात लहानपणापासून तिला हेच नाव. दूध गॅसवर ठेवून अंगणात जायची, ते उतू जायचं. परीक्षेला निघाली की हॉलतिकीट घरीच. लग्नानंतर सासूबाई म्हणायच्या, "हिचं ध्यान काई ठिकानावर रायत नाही." लाईट बिलाची तारीख हुकली की घरात तीन दिवस अबोला. एका डॉक्टरांनी टेन्शनची गोळी दिली, ती दोन वर्षं खाल्ली. झोप वाढली, विसरणं तसंच राहिलं.

मग भाच्याची शाळेतून तक्रार आली म्हणून त्याला मानसोपचार ओपीडीत नेलं. डॉक्टर विचारत होते, वस्तू हरवतो का, काम अर्धवट सोडतो का, समोरच्याचं बोलणं पूर्ण व्हायच्या आधी उत्तर देतो का. ताई प्रत्येक प्रश्नाला मनातल्या मनात स्वतःचं उत्तर देत होती. शेवटी तिनंच विचारलं, "सर, हे मोठ्या बायांनाही असते का?"

असते. एडीएचडी म्हणतात त्याला. लक्ष टिकवणं, वेळेचा अंदाज, कामाची सुरुवात, मनावरचा ब्रेक, या सगळ्याची मेंदूतली व्यवस्था थोडी वेगळी चालते. आळस नाही, बुद्धी कमी असणं तर अजिबात नाही. ताईला विचारूनच हे लिहितोय. तिच्या निमित्तानं मी या गोष्टीचा इतिहास धुंडाळला आणि खरं सांगतो, संतापलो.

आधी आपल्या घरातलं बघू. मराठीत विसरभोळा प्रोफेसर हे कौतुकाचं पात्र आहे. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' वाचलीत ना? रेव्हरंड टिळकांचा विसराळूपणा, लहरीपणा, हातात पैसा न टिकणं, हे सगळं त्यात येतं आणि आपण हसत हसत वाचतो. टिळकांना काही आजार होता असं मी म्हणत नाही. गेलेल्या माणसाचं निदान करणं हा चावटपणा झाला. माझा मुद्दा वेगळाच आहे. त्या घरात सगळं विसरणारी लक्ष्मीबाई असती तर? तिला कुणी कवी म्हटलं नसतं. तिच्यासाठी शब्द तयार होते: वेंधळी, धांदरट, घरबुडवी.

डॉक्टरी इतिहासातही हेच झालं. 1902 मध्ये लंडनला जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञानं अशा मुलांवर व्याख्यानं दिली. बुद्धीनं नीट असलेल्या ज्या मुलांचं त्यानं वर्णन केलं, त्यांत मुलींच्या तिप्पट मुलगे होते. साहजिक आहे. जो बाकावर उड्या मारतो त्याला मास्तर डॉक्टरकडे पाठवतात. खिडकीबाहेर बघत गप्प बसणारी पोरगी कुणाला त्रास देते?

पुढचं वर्ष 1937. आपल्या वर्ध्यात 22 आणि 23 ऑक्टोबरला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली, झाकीर हुसेन समिती नेमली गेली आणि नई तालीमची सुरुवात झाली. मुलाला तासन् तास बाकावर बसवून घोकायला लावण्यापेक्षा हाताला काम देऊन शिकवा, ही ती कल्पना. बरोबर पुढच्याच महिन्यात अमेरिकेत चार्ल्स ब्रॅडली या डॉक्टरचा लेख छापून आला. ऱ्होड आयलंडच्या एका संस्थेतल्या 30 मुलांना त्यानं बेन्झेड्रिन हे उत्तेजक औषध दिलं होतं, आणि त्यातली निम्मी मुलं अभ्यासात एकदम सुधारली. या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही, पण बसू न शकणाऱ्या मुलाचं काय करायचं, याची दोन उत्तरं एकाच सुमारास जगाच्या दोन टोकांना निघाली याची मला गंमत वाटते. ब्रॅडलीची ती संस्था एम्मा नावाच्या एका आजारी मुलीच्या नावानं उभारलेली होती. तपासलेल्या 30 मुलांत मुली मात्र फक्त 9.

1944 मध्ये स्वित्झर्लंडमध्ये लिआंद्रो पानिझोन या रसायनतज्ज्ञानं मिथाइलफेनिडेट बनवलं. त्याची बायको मार्गरिट, लाडाचं नाव रिटा. टेनिस खेळण्याआधी ती हे औषध घ्यायची, म्हणून त्याचं नाव पडलं रिटालिन. नाव बाईचं, आणि पुढची कित्येक दशकं औषध मुख्यतः मुलग्यांना!

1968 च्या अमेरिकन निदान-पुस्तिकेत हा बालपणीचा अतिचंचलपणा होता, वयात येताना बहुतेक कमी होणारा. 1980 च्या आवृत्तीत पहिल्यांदा मान्य झालं की चंचलता नसतानाही लक्षाची अडचण असू शकते. गप्प पोरींसाठी तेव्हा दार किलकिलं झालं. लक्षणं सातव्या वर्षाआधी दिसलीच पाहिजेत ही अट 2013 मध्ये बारा वर्षांपर्यंत सैल झाली. तोवर आमची ताई दोन लेकरांची आई होती.

आपल्याकडं काय चाललं होतं? राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम 1982 चा, जिल्हा कार्यक्रम 1996 चा. दोन्हींचा भर गंभीर आजारांवर. वर्धा जिल्ह्यात मनाच्या आरोग्याची चर्चा खरी सुरू झाली ती शेतकरी आत्महत्यांमुळे. 2006 च्या पंतप्रधान पॅकेजमधल्या विदर्भाच्या सहा जिल्ह्यांत आपणही होतो. त्या बातम्या मीही केल्या आहेत. पुढं समुपदेशनाचे कार्यक्रम आले, ते सगळे दुःख, कर्ज, दारू, जीव देण्याचे विचार याभोवती. ते गरजेचंच होतं. पण ज्या बाईला दुःख आहे ते रोज सतरा कामं अर्धवट राहतात आणि रोज बोलणी बसतात याचं, तिचं दुखणं उदासी किंवा टेन्शन म्हणूनच नोंदलं गेलं. बरं, 2016 च्या दिव्यांग कायद्यात 21 प्रकार आहेत, त्यात एडीएचडी वेगळा नाही.

आता उपचाराचं. औषध डॉक्टरांनीच ठरवायचं. मिथाइलफेनिडेट एनडीपीएस कायद्याखाली येतं, त्यामुळं नियम कडक आहेत. पण गोळी डबा भरून देत नाही आणि बिलाची तारीखही लक्षात ठेवत नाही. तिथं थेरपी आणि कोचिंग लागतं. 2010 मध्ये अमेरिकेत मेरी सोलांटो यांनी 88 प्रौढांवर प्रयोग केला. अर्ध्यांना गटात बसवून 12 आठवडे वेळ कसा मोजायचा, मोठं काम कसं तोडायचं, कुठली वस्तू कुठं ठेवायची हे शिकवलं. बाकीच्यांना नुसता आधार देणारा गट दिला. शिकवलेल्या गटात फरक जास्त पडला.

हे वाचून माझ्या डोळ्यासमोर बचत गटच आला. आपल्या जिल्ह्यात गावोगावी बाया ठरल्या दिवशी जमतात, वही लिहितात, हप्त्याचा हिशेब देतात. बाईला बोलायला जागा आधीच तयार आहे. सेवाग्राम आणि सावंगी, दोन वैद्यकीय महाविद्यालयं एका छोट्या जिल्ह्यात, दोन्हीकडं मानसोपचार विभाग. तिथल्या एखाद्या मानसशास्त्रज्ञानं महिन्यातून दोनदा दहा बायांचा गट घेतला, तर इमारत बांधावी लागणार नाही. हे चालेलच अशी माझ्याजवळ हमी नाही. करून बघितल्याशिवाय कळणार कसं?

एक सावधगिरी. मोबाईलवर 'एडीएचडी कोच' म्हणवणारे पुष्कळ झालेत. कोच म्हणवून घ्यायला आपल्याकडं कुठलाही परवाना लागत नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी मात्र भारतीय पुनर्वास परिषदेकडं असते. पैसे भरण्याआधी तो नंबर मागा; राग आला तर येऊ द्या. आणि रील पाहून स्वतःच निदान करू नका. थायरॉईड, रक्त कमी असणं, झोप न होणं, पाळी जाण्याचा काळ, यांतही ध्यान हरवतं. डॉक्टर आधी ते तपासतात, ताईचंही तपासलं. कुठं जावं कळत नसेल तर टेलीमानस, 14416, फुकट आहे, मराठीत बोलतात.

ताईच्या स्वयंपाकघरात आता एक पाटी टांगली आहे. दूध ठेवलं की ती चिमणीच्या आवाजाचा टायमर लावते, नातेवाईक हसतात. मागच्या महिन्यात लाईट बिल वेळेवर भरलं. त्याच्या आधीच्या महिन्यात हुकलं होतं, पण तेव्हा जावई घरात बोलले नाहीत, स्वतःच जाऊन भरून आले.

बचत गटाच्या कल्पनेबद्दल दोन्ही महाविद्यालयांत आणि सिव्हिलमध्ये विचारायला मी येत्या आठवड्यात जाणार आहे. काय उत्तर मिळतं ते इथंच लिहीन. तुमच्यापैकी कुणी सीआरपी ताई असाल, किंवा आशाताई, तर इनबॉक्समध्ये या. नावं कुठंही येणार नाहीत.