कॉलनीवाले

परवा भाचीचा फोन आला. तिला शाळेत इतिहासाचा प्रकल्प आहे. तिने विचारलं, "मामा, पुस्तकात लिहिलंय की इंडिया इंग्रजांची कॉलनी होती. आणि आजी म्हणते तुम्ही कांजूरला कॉलनीत राहायचात. म्हणजे इंग्रजांनी बांधलेली होती का ती?"

आधी खूप हसलो. फोन ठेवल्यावर मात्र तो शब्द काही डोक्यातून जाईना.

माझं सगळं लहानपण कांजूरमार्ग पश्चिमेच्या एका सरकारी कॉलनीत गेलं. पिवळ्या रंगाच्या तीन मजली इमारती, मध्ये मैदान, गेटवर वॉचमन. "कुठे राहता?" असं कोणी विचारलं की आई जरा ताठ होऊन "कॉलनीत" म्हणायची. चाळ नव्हे, झोपडपट्टी तर नव्हेच. कॉलनी! त्या एका शब्दात नळाला येणारं पाणी, बाबांची पर्मनंट नोकरी आणि गणपतीतला पडद्यावरचा सिनेमा असं सगळं यायचं.

हा शब्द मूळचा लॅटिन. 'कोलेरे' म्हणजे जमीन कसणं, त्यावरून 'कोलोनस' म्हणजे शेतकरी, आणि 'कोलोनिया' म्हणजे अशा लोकांची वस्ती. कल्चर आणि अ‍ॅग्रिकल्चर ही त्याच घरातली भावंडं. रोमन लोक जिंकलेल्या मुलखात निवृत्त सैनिकांना जमिनी देऊन वसवायचे, त्या त्यांच्या कॉलन्या. जर्मनीतल्या कलोन शहराला इ.स. 50 मध्ये हा दर्जा मिळाला आणि पुढे तेच त्याचं नाव होऊन बसलं. नंतर युरोपचे लोक समुद्रापार गेले, तेव्हा दुसऱ्याचा अख्खा देश बळकावण्यालाही हाच शब्द लागला. मुंग्यांची कॉलनी, जंतूंची कॉलनी ही पिल्लं त्याला पुढे झाली.

आता भाचीसाठी एक गंमत. ब्रिटिशांच्या दप्तरात भारत 'कॉलनी' नव्हताच! श्रीलंका आणि हाँगकाँग यांचा कारभार लंडनच्या कलोनियल ऑफिसकडे होता. भारतासाठी 1858 पासून इंडिया ऑफिस हे वेगळंच खातं होतं. अर्थात कागदावर काहीही लिहा, लूट ती लूटच.

मराठीने या शब्दाला 'वसाहत' म्हटलं आणि त्याचे दोन्ही अर्थ एकाच घरात नांदायला लावले. वसाहतवाद वाईट, पण औद्योगिक वसाहत चांगली, पोलीस वसाहतही चांगली. 'डोमिनियन स्टेटस'ला आपण 'वसाहतीचे स्वराज्य' म्हणायचो. 1928 च्या नेहरू अहवालात त्याची मागणी होती. ती मागे टाकून काँग्रेसने डिसेंबर 1929 मध्ये लाहोरला पूर्ण स्वराज्याचा ठराव केला. म्हणजे देशाला वसाहत नको होती. आणि त्याच काळात इकडे मुंबईत माणसं मोठ्या हौसेने कॉलनीत राहायला जात होती! 1896 च्या प्लेगनंतर, 1898 मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने दादर-माटुंग्याकडे प्लॉट पाडले, आणि तिथे पारशी कॉलनी, हिंदू कॉलनी उभ्या राहिल्या. स्वातंत्र्यानंतर तर सरकारी खाती, कारखाने, हाउसिंग बोर्ड असे सगळेच कॉलन्या बांधायला लागले. आमची त्यातलीच एक.

इथपर्यंत सगळं मजेचं होतं. पण मग मला आमची मासेवाली आजी आठवली.

रुळांच्या पलीकडे, पूर्वेला कांजूर गाव. त्याच्याही पलीकडे मिठागरं आणि खाडी. ती आजी तिकडून टोपली घेऊन यायची, कोलंबी आणि कधी निवटे. आमच्या जिन्यात बसून ती एकदा आईला म्हणाली होती, "तुमची बिल्डिंग हाय ना बाय, तितं आमचा शेत होता. भात पिकायचा." तिच्या आवाजात तक्रार नव्हती. आई "हो का?" म्हणाली आणि भाव करत राहिली. गावातली सगळीच माणसं आम्हाला 'कॉलनीवाले' म्हणायची. मला तो मान वाटायचा. आता वाटतं, इतका नेमका शब्द त्यांनी कुठून शोधला असेल? बाहेरून येऊन दुसऱ्याच्या शेतावर राहणारे ते कॉलनीवाले. ज्या शब्दाच्या पोटात शेतकरी आहे, त्याच शब्दाने आजीचं शेत गिळलं.

कांजूरची जमीन कोणाची, हा वाद 2020 मध्ये मेट्रोच्या कारशेडमुळे पेपरात गाजला. राज्य म्हणे आमची, केंद्र म्हणे ही मिठागराची, म्हणून आमची. डिसेंबरमध्ये हायकोर्टाने काम थांबवलं. बातम्या वाचताना मला सारखी ती टोपली दिसत होती.

आणि आमचं तरी काय? रोमन शिपायाला निवृत्तीनंतर कॉलनीत जमीन मिळायची. आमच्याकडे उलटं, निवृत्त झालं की कॉलनी सोडायची. बाबांनी किल्ल्या परत केल्या तेव्हा मी बारावीत होतो. टेम्पो गेटबाहेर पडला तेव्हा आई मागे वळून बघत राहिली. त्या घराच्या भिंतीत एक खिळा ठोकायचा तरी बाबा दहादा विचार करायचे, "आपलं नाही ते" म्हणून. आजीला निदान "आमचा शेत होता" एवढं तरी म्हणता येत होतं. आम्हाला काय म्हणता येणार?

असो. भाचीला सांगितलं, इंग्रजांनी नाही बांधली. पण तुझ्या प्रकल्पात एक ओळ घाल : कॉलनी कुठलीही असो, ती बांधण्याआधी तिथे कोण राहत होतं, काय पिकत होतं, ते आधी विचारायचं.

ती म्हणाली, "मामा, आमच्या कॉम्प्लेक्सच्या आधी इथे काय होतं?"

मला सांगता आलं नाही.