बायपोलर डिसऑर्डर आनुवंशिक असतो का? जनुकांच्या शोधातून काय कळलं?

घरात कुणाला बायपोलर डिसऑर्डर असेल, तर 'मुलांनाही होईल का?' ही धास्ती असतेच. लग्न जमवताना तर हा प्रश्न दबक्या आवाजात विचारला जातो. शास्त्रज्ञही अनेक दशकं याचं उत्तर शोधत आहेत.

या आजारात कधी अतिउत्साहाचा (मॅनिया), तर कधी तीव्र नैराश्याचा काळ येतो. जुळ्यांच्या अभ्यासांतून आनुवंशिकतेचा वाटा मोठा, साधारण ६० ते ८५ टक्के असल्याचं दिसलं. मग जनुक कोणतं?

सापडलं आणि निसटलं

१९८७ मध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियातील अमिश समाजाच्या एका कुटुंबाचा अभ्यास 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झाला. या समाजात लग्नं आपसातच होतात आणि वंशावळी नीट जपलेल्या असतात. आजाराचं जनुक ११व्या गुणसूत्रावर असल्याचा दावा झाला. पण १९८९ मध्ये याच कुटुंबातले आणखी सदस्य तपासले गेले. आधी निरोगी असलेल्या दोघांना दरम्यान आजारही झाला होता. नव्या गणितात दावा टिकला नाही.

एक नाही, शेकडो

नंतर हजारो रुग्णांचा डीएनए निरोगी लोकांशी ताडून पाहण्याची पद्धत आली. २०२१ मध्ये आजाराशी संबंधित ६४ जागा सापडल्या. २०२५ मध्ये १ लाख ५८ हजार रुग्णांच्या अभ्यासातून हा आकडा २९८ वर गेला. यातल्या प्रत्येक जागेचा परिणाम अगदी किरकोळ असतो.

या अभ्यासात युरोपीय, पूर्व आशियाई, आफ्रिकन-अमेरिकन आणि लॅटिनो वंशाचे लोक होते. भारतीयांचा स्वतंत्र गट नव्हता.

मग तपासणी करता येते का?

नाही. रक्त तपासून निदान करणारी जनुकीय चाचणी अजून उपलब्ध नाही. आई-वडील किंवा सख्ख्या भावंडाला आजार असेल, तर धोका साधारण ५ ते १० टक्के असतो. म्हणजे इतरांपेक्षा जास्त, तरीही बहुतेकांना आजार होत नाही.

कुटुंबातला आजार डॉक्टरांपासून लपवू नये, तो यासाठीच. बायपोलरची सुरुवात अनेकदा नैराश्याने होते आणि अशा रुग्णाला फक्त नैराश्यावरची गोळी दिल्यास मॅनिया उफाळू शकतो. घरातली माहिती वेळेत मिळाली, तर डॉक्टर औषध जपून निवडतात.