जिमी वेल्स कुठे गेला?

पनवेलहून निघणारा राष्ट्रीय महामार्ग ६६ गोव्यावरून थेट कन्याकुमारी गाठतो. वाटेत वेंगुर्ल्याच्या बाजूला वळलं की आरवलीचा वेतोबा, म्हणजेच वेताळ. त्याला केळ्यांचा घड वाहतात आणि चामड्याच्या भल्यामोठ्या चपलाही. देव रात्रभर गावाची राखण करत हिंडतो, म्हणून त्याच्या चपला झिजतात, अशी श्रद्धा.

ली फॉकच्या चित्रकथेतल्या ‘फँटम’ला मराठीत ‘वेताळ’ हे नाव इतकं चपखल बसलं ते यामुळेच. १९६४ साली सुरू झालेल्या ‘इंद्रजाल कॉमिक्स’नं तो घरोघरी पोचवला. जंगलाची राखण करणारा, कधी न मरणारा म्हणून ओळखला जाणारा हा मुखवटेवाला इथल्या पोरांना परका वाटायचं कारणच नव्हतं.

पण तो मुळात जंगलातला नव्हताच.

१७ फेब्रुवारी १९३६ ला अमेरिकी दैनिकांत ही चित्रमालिका सुरू झाली, तेव्हा नायिका डायना पामरच्या आसपास जिमी वेल्स नावाचा एक श्रीमंत, ऐषारामी तरुण होता. दिवसा आळशी रईस आणि रात्री मुखवटा घालून गुन्हेगारांशी झुंजणारा, असा हा जिमीच फँटम निघणार होता. फॉकचा बेत तसाच होता. पहिलीच कथा चालू असताना त्याचा विचार बदलला. नायक जंगलात गेला, त्याला कवटीची गुहा मिळाली, बापाकडून मुलाकडे चारशे वर्षं चालत आलेली शपथ मिळाली. जिमी मात्र ना मेला, ना उघडा पडला. तो नुसता मागे राहिला.

दैनिकातल्या गोष्टीचं हे दुखणंच आहे. कादंबरीकार पहिलं प्रकरण फाडून नव्यानं लिहू शकतो. काल छापलेली पट्टी मात्र वाचकाच्या हातात गेलेली असते. ती परत घेता येत नाही, पुढच्या पट्टीत वळण तेवढं घेता येतं. फॉकनं घेतलेलं वळण योग्यच होतं. जिमीच फँटम ठरला असता, तर तो झोरोचा आणखी एक भाऊबंद झाला असता आणि ‘वेताळ’ हे नाव त्याला कधीच शोभलं नसतं.

भारतात येताना कथेत आणखी बदल झाले. ‘सिंग’ चाच्यांचे ‘सिंगा’ झाले, ‘बेंगाली’ देशाचं ‘डेंकाली’ झालं. १९९० मध्ये ‘इंद्रजाल’ बंद पडलं. तुमच्या माळ्यावर त्याचे पिवळे पडलेले अंक असतील, तर ते रद्दीत घालू नका.