खेळण्यातल्या गाडीचं चाक

खेळण्यातली लाकडी बैलगाडी करायला घेतली की साटा, दांड्या, जू हे सगळं एका दुपारी जमतं. अडतं ते चाकापाशी. नामपुरात लहानपणी आम्ही मुलं बाभळीच्या फांदीची चकती कापायचो, मधोमध भोक पाडायचो आणि झालं चाक! आठ-दहा दिवसांत ती चकती कडेपासून मधल्या भोकापर्यंत चिरायची. मग दुसरी फांदी.

कारण साधं आहे. लाकूड वाळताना आकसतं, पण सगळीकडून सारखं नाही. वाढीच्या कड्यांच्या दिशेनं जास्त, गाभ्याकडून सालीकडे कमी. त्या ओढाताणीत चकती तडकणारच. म्हणून "माणसानं ओंडक्याचा गोल तुकडा कापला आणि चाक जन्मलं" ही लोकप्रिय गोष्ट मला कधीच पटली नाही. स्लोव्हेनियात ल्युब्लियानाजवळच्या दलदलीत २००२ साली पाच हजार वर्षांहून जुनं लाकडी चाक सापडलं. तेसुद्धा फळ्या जोडून केलेलं आहे. म्हणजे आमची बाभळीची अडचण त्या सुतारालाही माहीत होती.

आता आपल्याकडे येऊ. अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात प्रवरेच्या काठी दायमाबाद आहे. तिथं १९७४ साली एका भिल्ल शेतकऱ्याला झाडाच्या बुंध्याशी खणताना काशाच्या चार वस्तू मिळाल्या: हत्ती, गेंडा, म्हैस आणि दोन बैलांचा रथ. रथ ४५ सेंटिमीटर लांब, त्यात उभा हाकणारा माणूस. चारही मिळून वजन साठ किलोंच्या वर, म्हणजे पोरांच्या हातातलं खेळणं नव्हे. पण घडण मात्र थेट खेळण्याची. जनावरांच्या पायांखाली बैठक आणि तिला चाकांची सोय! रथाची चाकं भरीव, त्यांत आरे नाहीत. म. के. ढवळीकरांनी या वस्तू उत्तर हडप्पा काळातल्या मानल्या. डी. पी. अग्रवालांनी धातूतल्या आर्सेनिकच्या प्रमाणावरून शंका घेतली. हा वाद पूर्ण मिटलेला नाही.

हडप्पा काळातल्या मातीच्या खेळण्यांतली चाकंही बहुतेक भरीव, मध्ये तुंब्याचा उंचवटा असलेली. राखीगढी, बनावलीच्या काही मातीच्या चाकांवर मात्र मध्यापासून कडेपर्यंत रेघा आहेत. त्या आऱ्यांच्या, की नुसती नक्षी? विद्वान भांडतात. मला एवढंच दिसतं, की खेळणं करणाऱ्यानं चाकाकडे नीट बघितलं होतं.

चाकावरच्या जनावराचं म्हणाल तर नागपूरकडच्या मंडळींना नवल वाटणार नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तिकडे तान्हा पोळा असतो. मुलं लाकडी बैल सजवून ओढत नेतात आणि त्या बैलांच्या पायांखालीही चाकंच. दायमाबादपासून तिथपर्यंत सलग परंपरा आहे असं मी म्हणत नाही, तसा पुरावा नाही. पण जनावर ओढता यावं म्हणून त्याला चाकं लावायची, ही युक्ती दोन्हीकडे सुचली हे खरं.

आमच्याकडच्या खऱ्या गाडीचं चाक आऱ्यांचं. मधे तुंबा, त्यात बारा आरे, बाहेरून सहा पाटे, एकेका पाट्यात दोन आरे. वरून लोखंडी धाव. आमच्या गल्लीतले सुतारबाबा आरा तुंब्यात ठोकताना कान देऊन आवाज ऐकायचे. धाव चढवायला लोहार यायचा. धाव चाकापेक्षा किंचित लहान ठेवायची, गोवऱ्यांच्या आगीत लाल करायची, फुगली की चाकावर बसवायची आणि लगेच पाणी. वाफेचा लोट उठायचा आणि आकसणारी धाव सगळे सांधे आवळून घ्यायची. लाकूड आकसलं तर चाक मोडतं आणि लोखंड आकसलं तर चाक टिकतं, याची मला तेव्हापासून गंमत वाटते.

पुढे टायरगाड्या आल्या, मग ट्रॅक्टर. बाबा गेले. त्यांच्या मुलांनी दारं-खिडक्या धरल्या आणि त्यात त्यांचं चुकलं असं कोण म्हणेल? पण गावात चाक भरणारा हात राहिला नाही. आज मोसमकाठच्या एखाद्या मुलाला आरा, पाटा, धाव हे शब्द ऐकवायचे तर दाखवायला वस्तू लागते, आणि ती बहुधा खेळण्यातलीच असते. म्हणून मी खेळण्यातही भरीव चकती वापरत नाही. तुंबा सागाच्या तुकड्याचा, आरे बांबूच्या कामट्यांचे, पाटे सहा वेगवेगळे कापलेले. तुंब्यावर आधी बारा खुणा करायच्या, समोरासमोरचे आरे जोडीनं बसवायचे, म्हणजे चाक वेडंवाकडं होत नाही. धाव तेवढी काळ्या रंगाची. ती काही आवळत नाही, त्यामुळे सांधे सरसावर सोपवावे लागतात.