तळटीप २३ : भूमी-न्यास

२३. भूमी-न्यास : ऑस्ट्रेलियाच्या नॉर्दर्न टेरिटरी प्रदेशात १९७६च्या आदिवासी भूमिहक्क कायद्याने आलेली व्यवस्था. लेखकाने तिला ‘सरकारने दिलेली देणगी’ म्हटले आहे, ते मान्य करता येत नाही. १९६६मध्ये व्हिन्सेंट लिंगिआरी यांच्यामागोमाग वेव्ह हिलच्या गुरांच्या मळ्यावरचे काम सोडून निघालेल्या गुरिंजी लोकांनी वर्षानुवर्षे जमिनीसाठी लढा दिला, त्यातून या कायद्याची वाट तयार झाली.

जमीन न्यासाच्या नावावर असते, ती विकता येत नाही. पण आपल्याकडच्या विश्वस्तांसारखा कारभार न्यासाच्या हाती नसतो. लँड कौन्सिल या आदिवासींच्या प्रतिनिधी संस्थेने सांगितल्याशिवाय त्याला भाडेपट्टा करता येत नाही. आणि त्या जागेच्या परंपरागत मालकांना व्यवहार नीट कळला आहे, त्यांनी समूह म्हणून होकार दिला आहे, याची खात्री झाल्याखेरीज कौन्सिललाही तसे सांगता येत नाही. निर्णयाची त्यांची रूढ रीत असेल, तर तीच पाळायची. या व्यवस्थेचा प्राण इथे आहे.

मर्यादाही आहेत. खनिजे सरकारचीच राहिली, जरी शोधकामाला नकार देता येतो. उलुरूचा ताबा १९८५मध्ये अनंगू लोकांच्या न्यासाकडे आला, तो ९९ वर्षांच्या पट्ट्याने राष्ट्रीय उद्यानासाठी लगेच परत देण्याच्या अटीवर. त्या पवित्र खडकावर चढू नका, अशी विनंती ते करत राहिले. चढाई बंद झाली ती २०१९मध्ये.